जुन्या अमेरिकी कौटुंबिक विनोदी मालिकांतले पार्श्वसंगीताचे छोटे तुकडे: ते कसे तयार होत, आणि पुढे कुठे गेले?

ओसरी (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे राहतो आणि गेल्या चार महिन्यांपासून माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली आहे. दुपारी आम्ही कामावर असताना ती एका वाहिनीवर जुन्या अमेरिकी मालिकांचे पुनःप्रक्षेपण पाहत बसते. त्यांपैकी ‘द अँडी ग्रिफिथ शो’ ही तिची सर्वांत आवडती मालिका झाली आहे. मेबेरी नावाच्या काल्पनिक खेड्यातला विधुर शेरीफ, त्याचा लहान मुलगा ओपी, घर सांभाळणारी बी आत्या आणि उतावळा सहायक बार्नी एवढाच त्या मालिकेचा संसार आहे. अँडी ग्रिफिथ यांचे जन्मगाव माउंट एअरी आमच्याच राज्यात असल्यामुळे इथल्या लोकांना या मालिकेचा विशेष जिव्हाळा आहे.

आईला इंग्रजी वाचता येते, परंतु दक्षिणी वळणाने बोललेले इंग्रजी तिला फारसे उमगत नाही. असे असूनही ती योग्य जागी हसते, योग्य जागी गप्प होते, आणि पुष्कळदा पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच मला सांगते, “आता बघ, तो बाप पोराला जवळ बसवून समजावणार.” हे तुला कसे कळले असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “अरे, आधी वाजतं की ते. कीर्तनात बुवा पूर्वरंगातून आख्यानाकडे वळायच्या आधी पेटीवाला कसा सूर धरून ठेवतो, तसंच.”

तेव्हापासून मी या संगीताकडे लक्ष देऊ लागलो आणि माझे तीन प्रश्न तयार झाले. प्रसंग बदलताना किंवा बोलण्यामागे चार-आठ सेकंद वाजणारे हे तुकडे प्रत्येक भागासाठी नव्याने रचले जात होते का? दुसरे असे की ‘द डॉना रीड शो’ पाहताना काही तुकडे मला आधी भलतीकडेच ऐकल्यासारखे वाटले, हा माझा भास आहे की त्यामागे काही कारण आहे? आणि तिसरे म्हणजे १९७० नंतरच्या काही गाजलेल्या कौटुंबिक मालिकांत हे संगीत एकाएकी नाहीसे झालेले दिसते, ते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

षड्ज

ओसरी, आपल्या आईंना माझा नमस्कार सांगावा. पेटीवाल्याची उपमा त्यांनी अगदी नेमकी दिली आहे. मी पुण्यात गेली बावीस वर्षे नाटकांसाठी पार्श्वसंगीताचे संयोजन करतो आणि या जुन्या मालिका मी शिकण्यासाठी म्हणून पुनःपुन्हा ऐकलेल्या आहेत. आपल्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

या धंद्यात अशा प्रत्येक तुकड्याला ‘क्यू’ म्हणतात. एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात नेणारा तो ‘ब्रिज’, आणि एखादे वाक्य किंवा मुद्रा ठसवण्यासाठी दोन-तीन स्वरांत संपणारा तो ‘स्टिंग’. ही दोन्ही नावे आणि त्यांमागची रीत अमेरिकी रेडिओवरून आली. रेडिओवर पडदा पडत नाही, दिवा विझत नाही, त्यामुळे स्वयंपाकघर संपून कचेरी सुरू झाली हे श्रोत्याला सांगण्याचे काम ऑर्गनला किंवा वाद्यवृंदाला करावे लागे. ‘फादर नोज बेस्ट’सारखी मालिका आधी १९४९ पासून रेडिओवर होती आणि १९५४ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. पडद्यावर स्वयंपाकघर दिसू लागले, तरी अशा कार्यक्रमांबरोबर आलेली ब्रिजची सवय पुढेही टिकली.

भागाचे संकलन पूर्ण झाले की संगीतकार आणि संगीत-संकलक तो एकत्र बसून पाहत आणि कोणत्या क्षणी संगीत सुरू व्हावे, कोणत्या क्षणी थांबावे, याची यादी करत. याला ‘स्पॉटिंग’ म्हणतात, आणि माझ्या मते खरी बुद्धी इथेच लागते, कारण कुठे वाजवायचे यापेक्षा कुठे वाजवायचे नाही हे ठरवणे कठीण असते. त्यानंतर हिशेब येतो. चित्रफितीच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. दर १२ चौकटींना एक टिचकी ऐकू येईल अशी व्यवस्था केली, तर मिनिटाला १२० मात्रांची लय मिळते, आणि आठ सेकंदांच्या जागेत बरोबर १६ मात्रा बसतात, म्हणजे आपल्या त्रितालाचे एक पूर्ण आवर्तन. टिचकी दर १६ चौकटींना ठेवली, तर लय मिनिटाला ९० मात्रांवर उतरते आणि त्याच आठ सेकंदांत १२ मात्रा येतात, म्हणजे एकतालाचे आवर्तन. वादकांच्या कानांत ही टिचकी वाजत असते, आणि म्हणूनच दार उघडण्याच्या नेमक्या चौकटीवर सम पडते. मी स्वतः हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिला, त्या दिवशी मला झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही. आठ सेकंद ही मला तोवर किरकोळ जागा वाटत असे.

वाद्यांची निवडही विचारपूर्वक होत असे. त्या काळच्या घरगुती दूरचित्रवाणी संचाचा ध्वनिक्षेपक लहान असे आणि त्यातून खर्जाचे सूर नीट उमटत नसत. शिवाय संगीताला संवादांच्या खाली राहायचे असे. त्यामुळे मोठ्या वाद्यवृंदाऐवजी थोडी, पण वेगळ्या रंगाची वाद्ये घेत. क्लॅरिनेट, बासरी, झायलोफोन, तोंडावर झाकण धरलेला ट्रम्पेट ही त्यांतली नेहमीची मंडळी होत. मूल चोरपावलांनी जिना उतरत असेल, तर व्हायोलिनच्या तारा गजाऐवजी बोटांनी छेडत. एखादा गृहस्थ उगाच रुबाब करत असेल, तर त्याच्यामागे बासून नावाचे जाड आवाजाचे सुषिर वाद्य तुटक स्वरांत चाले. काही वेळा तर संगीत थेट कथेतली वस्तूच बनत असे. १९६४ साली सुरू झालेल्या ‘बिविच्ड’ या मालिकेत नायिका नाक हलवून जादू करते, आणि तिथे वाजणारी ती चिमुकली किणकिण काढून टाकली, तर जादू झाली हे कुणाला कळणारही नाही. अभिनेत्रीने केवळ नाक हलवलेले दिसते, जादू आपण ऐकतो.

आपल्या आईंना भाषेची अडचण भासली नाही, याचे कारण मला यातच दिसते. हे तुकडे भावनेचे नाव सांगतातच, पण त्याहून अधिक प्रसंगाची दिशा सांगतात.

पाऊलवाट

षड्ज यांनी कारागिरी सांगितली आहे, तर मी माणसाबद्दल लिहिते, कारण ‘द अँडी ग्रिफिथ शो’च्या बाबतीत संगीतकाराचे नाव न घेता पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते.

ते संगीतकार म्हणजे अर्ल हेगन (१९१९ ते २००८). दूरचित्रवाणीकडे येण्याआधी ते नृत्यवृंदांत ट्रॉम्बोन वाजवत असत, आणि ‘हार्लेम नॉक्टर्न’ ही त्यांची रात्रीच्या शहराचा काळोख अंगावर आणणारी सॅक्सोफोनची रचना १९३९ सालची आहे. अशा संगीतकाराला एका निवांत खेड्याच्या मालिकेचे शीर्षकसंगीत रचायचे होते आणि बरेच दिवस त्यांना मनासारखे काही सुचत नव्हते. अखेर एका सकाळी त्यांच्या मनात आले की हे संगीत इतके साधे हवे की ते कुणालाही शीळ घालून म्हणता यावे. सूर काही मिनिटांत लिहून झाला. त्याचे ध्वनिमुद्रण करताना शीळ त्यांनी स्वतः घातली आणि चुटक्या वाजवायला त्यांचा लहान मुलगा होता. मालिकेच्या आरंभी मासेमारीचे गळ खांद्यावर घेऊन चाललेले बापलेक आपण पाहतो, आणि जे ऐकतो त्यातही एक खरा बाप आणि त्याचे पोर असतात. ही गोष्ट मला प्रथम समजली तेव्हा मी ते शीर्षकदृश्य पुन्हा लावून शांतपणे ऐकले होते.

या सुरावटीचा खरा उपयोग मात्र भागाच्या आत आहे. एकच धून लय बदलून, वाद्य बदलून, कधी अर्धीच सोडून देऊन हेगन यांनी गोष्टीत पेरली आहे. गिटार आणि हार्मोनिका यांसारखी व्हरांड्यात बसून वाजवता येतील अशी वाद्ये त्यांनी हाताशी ठेवली, त्यामुळे पार्श्वसंगीत बाहेरून आणून लावल्यासारखे वाटत नाही. मालिकेतला शेरीफ स्वतः जेवणानंतर गिटार घेऊन बसतो, आणि १९६३ पासून डोंगराळ भागातल्या डार्लिंग कुटुंबाच्या भूमिकेत द डिलर्ड्स हा ब्लूग्रास वादकांचा संच अधूनमधून येऊन प्रत्यक्ष वाजवतो. गावात वाजणारे संगीत आणि गावाबद्दल वाजणारे संगीत यांचे नाते असे जुळलेले असल्यामुळे पात्राच्या हातातली गिटार थांबून वाद्यवृंदाचा सूर सुरू झाला, तरी कानाला खटकत नाही.

ओसरी, शक्य झाल्यास आईंना ३० सप्टेंबर १९६३ रोजी प्रथम दाखवलेला, चौथ्या पर्वाचा पहिला भाग दाखवा. ओपीच्या हातून गलोलीने एक पक्षीण मरते. बाप त्याला मारत नाही, फक्त त्याच्या खोलीची खिडकी उघडतो आणि आईवाचून चिवचिवणाऱ्या पिल्लांचा आवाज त्याला ऐकत बसायला सांगतो. पुढे ओपी ती तीन पिल्ले वाढवतो आणि शेवटी पिंजऱ्यातून सोडून देतो. हा भाग मी तरी सर्वस्वी कानांचा भाग मानते, कारण इथे शिक्षाही आवाजाची आहे आणि क्षमाही आवाजाचीच आहे. षड्ज म्हणतात ते ‘कुठे वाजवायचे नाही’ हे कळायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

जुनी_फीत

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: भास नाही, किंवा निदान तसा भास होण्याला भक्कम कारण आहे.

हेगन यांच्यासारखा स्वतःचा संगीतकार आणि वादकांचा संच प्रत्येक निर्मात्याला परवडत नसे. १९५० च्या दशकात अमेरिकी वादकांच्या संघटनेच्या अटी चित्रित मालिकांच्या निर्मात्यांना जड वाटत होत्या, म्हणून अनेकांनी तयार संगीताच्या संग्रहांचा मार्ग धरला. त्यांतले पुष्कळसे संगीत युरोपात ध्वनिमुद्रित झालेले असे. कॅपिटॉल या ध्वनिमुद्रिका कंपनीचा ‘हाय-क्यू’ हा संग्रह अशांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. त्यात भावांनुसार लावलेल्या फिती असत. संकलकाने हवी ती फीत काढायची, हव्या त्या लांबीची कापायची आणि जोडायची, एवढे काम उरे. विल्यम लूज आणि जॉन सीली ही त्या संग्रहातली दोन महत्त्वाची नावे आहेत, आणि आपण उल्लेख केलेल्या ‘द डॉना रीड शो’ची (१९५८ ते १९६६) शीर्षकधून याच दोघांची आहे. त्याच संग्रहातले तुकडे ‘हकलबेरी हाउंड’सारख्या व्यंगचित्रमालिकांतही वापरले गेले, आणि १९६८ मध्ये आलेल्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या भयपटातही त्यातले संगीत आहे. एकाच कपाटातून मुलांची करमणूक आणि प्रेक्षकांची झोप उडवणारी भीती दोन्ही निघत होत्या. त्यामुळे एका मालिकेतला तुकडा आपल्याला दुसरीकडे ओळखीचा वाटला, तर आपल्या कानांवर विश्वास ठेवावा.

मालिकेला स्वतःचा संगीतकार असला, तरीही प्रत्येक भागाला नवे संगीत मिळत असे असे समजू नये. पर्वातील काही भागांसाठी नव्याने ध्वनिमुद्रण होई, आणि पुढे संगीत-संकलक तेच तुकडे इतर भागांत बसवत जाई. फ्रँक डी व्होल यांनी ‘द ब्रेडी बंच’साठी (१९६९ ते १९७४) रचलेले तुकडे पुनःपुन्हा आल्यामुळेच ज्यांचे बालपण त्या मालिकेवर गेले, त्यांना ते पाठ आहेत. मुलाच्या गळ्यातली ती शापित हवाईयन मूर्ती दिसताच वाजणारा अशुभ तुकडा आजही अमेरिकेत लोक तोंडाने वाजवून दाखवतात. काटकसरीतून निर्माण झालेली पुनरावृत्ती अशी स्मृतीत रुजते, ही गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते.

काटकसरीचे आणखी एक उदाहरण. ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ (१९६४) या मालिकेसाठी व्हिक मिझी यांना गायक घेण्याचे पैसे मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी शीर्षकगीत स्वतःच्याच आवाजाच्या तीन थरांत ध्वनिमुद्रित केले.

निशिगंध

तिसऱ्या प्रश्नाबाबत लिहिते, आणि त्यातच वरच्या मंडळींशी माझा थोडा मतभेदही नोंदवते.

संगीत नाहीसे होण्याचे मुख्य कारण चित्रीकरणाच्या पद्धतीत आहे. ‘अँडी ग्रिफिथ’ किंवा ‘लीव्ह इट टू बीव्हर’ या मालिका चित्रपटाप्रमाणे एकाच कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना चित्रित होत. हशा नंतर मिसळला जाई आणि त्यासाठी चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने बनवलेले खास यंत्र होते. हसू किती वेळ टिकणार हे आधीच ठरलेले असल्यामुळे संगीताची जागाही सेकंदावर ठरवता येई. याउलट १९७१ मध्ये सुरू झालेली ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका प्रेक्षकांसमोर, नाटकासारखी सादर होऊन व्हिडिओ फितीवर उतरत असे. समोर बसलेली माणसे किती वेळ हसतील, हे नट त्या क्षणी जोखतात आणि तेवढे थांबतात. अशा जिवंत श्वासाखाली आधी मापून ठेवलेला तुकडा घालण्याची गरजही उरली नाही आणि सोयही. आरंभी नवराबायको पियानोवर बसून गातात, शेवटी एक धून वाजते, आणि मधल्या सबंध भांडणात पार्श्वसंगीत जवळजवळ नसतेच. त्या मालिकेत वंशभेद, युद्ध, स्त्रियांचे हक्क यांवरून घरात खडाजंगी होते. अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी हे बासरीने सांगितले असते, तर प्रेक्षकाचा स्वतःचा निर्णय हिरावला गेला असता.

मतभेद तो इथे. संगीत दिशा सांगते, हे षड्ज यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु दिशा सांगणे आणि भावना हातात आणून देणे यांत अंतर आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘फुल हाउस’मध्ये प्रेक्षकांच्या हशाबरोबर पार्श्वसंगीतही पुन्हा आले, मात्र ते मुख्यतः शेवटच्या काही मिनिटांत, वडील पलंगाच्या कडेवर बसून मुलीला चार शब्द सांगू लागले की हळूच सुरू होणाऱ्या मऊ सुरांच्या रूपात. ती मालिका मी लहानपणी आवडीने पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला आजही माया वाटते. तरीही दर भागात त्याच वळणावर तोच सूर आला की मन आधीच तयार होऊन बसते आणि वडिलांचे शब्द कानाआड होतात. हेगन यांच्या धूनला गोष्टीत आधी एक घर मिळालेले असते, ती बापलेकांच्या चालण्याची धून असते, म्हणून ती संथ झाली की काहीतरी आठवते. नुसत्या मऊ सुरांना अशी आठवण नसते.

षड्ज

निशिगंध, आपला मुद्दा मला पटला आणि माझ्या पहिल्या उत्तरात तो यायला हवा होता. नाटकातही मी हाच नियम पाळण्याचा प्रयत्न करतो: शेवटच्या अंकात जी धून रडवणार आहे, ती पहिल्या अंकात कुणीतरी सहज गुणगुणलेली असली पाहिजे. बीव्हरच्या शीर्षकधूनेचे उदाहरण इथे जोडतो. स्टॅन केंटन यांच्या जाझ वाद्यवृंदासाठी संयोजन केलेले पीट रुगोलो त्या मालिकेचे संगीत पाहत असत आणि अखेरच्या पर्वात तीच बालिश कवायतीची धून जाझच्या अंगाने वाजू लागली. पडद्यावरची मुले तोवर मोठी झाली होती, आणि धूनही त्यांच्याबरोबर वयात आली.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. इतकी सविस्तर उत्तरे मिळतील असे मला वाटले नव्हते.

शनिवारी आईबरोबर पाऊलवाट यांनी सांगितलेला पिल्लांचा भाग पाहिला. मी मुद्दाम काहीही समजावून सांगितले नाही. खिडकी उघडल्यावर आई एकदम ताठ बसली आणि भाग संपेपर्यंत एक शब्दही बोलली नाही. नंतर ‘ऑल इन द फॅमिली’चा एक भाग लावला, तो तिला अजिबात कळला नाही. “ही माणसं नुसती भांडतायत, कोण बरोबर ते कुणी सांगेना,” असे म्हणून ती उठली. निशिगंध, आपण जे लिहिले आहे, तेच तिने तिच्या बाजूने सांगितले असे मला वाटले.

एक गोष्ट मात्र मला आपणा सर्वांना सांगायची आहे. मालिकेतल्या हळव्या प्रसंगांमागची धून ही शीर्षकातल्या शिळेचेच संथ रूप आहे, हे पाऊलवाट यांचे उत्तर वाचेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. मोठ्या उत्साहाने मी ते आईला सांगायला गेलो. ती कणीक मळत होती. मान वर न करता तिने विचारले, “म्हणजे तुला ते दोन वेगळे वाटत होते?” मग तिने ती धून आधी चालीत आणि नंतर सावकाश, अशी दोन्ही प्रकारे गुणगुणून दाखवली. षड्ज, मी मागे उभा राहून बोटांवर मात्रा मोजत होतो, आणि सावकाश म्हणताना तिने शेवटचा सूर जवळजवळ दुप्पट लांबवला.